कडुबाचे तीन वाफे

बोरदरी गावाला एकतीस वर्षं पाणी पाजलं ते कडुबानं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, एवढीच काय ती नोकरी. पण ती तो अशा थाटात करायचा की नवख्याला वाटावं, विहीर यानंच खणली आणि आभाळाशी बोलणीही हाच करतो. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी टाकून तो निघाला की बाया हंडे घेऊन दारात उभ्या राहायच्या. सोमवारी मारुतीची आळी, मंगळवारी मोमीनपुरा, बुधवारी बौद्धवाडा, गुरुवारी वरची वस्ती. पाळी कधी चुकली नाही. सरपंचाच्या नळाला एक मिनिट जास्त नाही आणि गावाबाहेरच्या शेवटच्या खोपटाला एक मिनिट कमी नाही. टँकरच्या सालात तर त्यानं टँकरवर चढून बसून हंडा हंडा पाणी वाटलं आणि स्वतःच्या घरची घागर सगळ्यांत शेवटी भरली. तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "माह्या हातून ह्या गावात कुणी तहानेलं राह्यलं नाय." लग्नात, मयतीत, पारावर, जिथं म्हणून संधी मिळेल तिथं तो ते म्हणायचा. लोक कंटाळले होते. पण खोटं आहे असं म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण ते खरंच होतं.

मग तो निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात पंचायतीनं मोबाइलवरून चालू-बंद होणारी मोटर बसवली. आपल्या जागी एखादा माणूससुद्धा नेमला नाही, हे कडुबाच्या फार जिव्हारी लागलं. घरी बसून त्यानं बायकोचा जीव नकोसा केला. रांजण उघडा का, भांड्यांना एवढं पाणी कशाला, तुळशीला आज कमी का घातलं. शेवटी ती बाई पदर खोचून गजालाकडं गेली आणि म्हणाली, "ह्यांना तुह्या रोपवाटिकेत कुठं तरी उभं कर, माय. नाय तर ह्या वयात मला माहेरला जावं लागंल."

गजाला म्हणजे टेम्पोवाल्या मजीदची बायको. बारावी शिकलेली, बोलायला मोजकी, आणि एकदा नाही म्हणाली की समोरच्यानं मुकाट्यानं उठावं अशी. गावातल्या अकरा बायांना घेऊन तिनं विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात रोपवाटिका उभी केली होती. बिया त्यांनी स्वतः डोंगरात हिंडून गोळा केल्या होत्या. अंजन, खैर, कडुनिंब, करंज, सीताफळ. लाल माती, शेणखत आणि वाळू चाळून हजारो पिशव्या भरल्या, बारा वाफ्यांत ओळीनं मांडल्या आणि वर हिरवी जाळी ताणली. हे सगळं कशासाठी, तर गावाच्या वरच्या अंगाला जे चाळीस एकर गायरान होतं, ज्याला पांढरा माळ म्हणत, त्याच्यासाठी. माळावर माती म्हणून उरली नव्हती, नुसता मुरूम. पाऊस पडला की पाणी जसंच्या तसं खाली धावत यायचं आणि दोन महिन्यांत गावाच्या विहिरी कोरड्या व्हायच्या. एकतीस वर्षं त्या विहिरींचा तळ पाहिलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून राखणदार म्हणून आलेला कडुबा आठ दिवसांत रोपवाटिकेचा वकील होऊन बसला.

वकिलाची गरजही होती. माळावर झाडं लावायची तर चराई बंद करावी लागणार, आणि चराई बंद म्हटल्यावर धोंडिबा ग्रामसभेत उभा राहिला. त्याच्या साठ शेळ्या. कडुबाचा तो लहानपणापासूनचा दोस्त, पण शेळ्यांपुढं तो दोस्तच काय, देवही ओळखायचा नाही.

"आजवर तिथं कुणाचं झाड जगलं?" धोंडिबा म्हणाला. "दर साली खड्डे व्हत्यात, दर साली त्याच खड्ड्यांत झाडं लावत्यात, अन् दर साली तीच मरत्यात. माह्या शेळ्यांनी काय उपाशी मरायचं?"

गजाला उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात कडुबा उठला. "एक पावसाळा दे, धोंडिबा. ह्या पोरीची रोपं जगली नाय तर माळ मोकळा. पहिली शेळी मी सवता दावं धरून वर नेतो. माहा शब्द."

सभेनं तो शब्द लिहून घेतला. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत माळाचा निकाल करायचा, असं ठरलं. कडुबा त्या दिवशी घरी गेला तो छाती काढूनच. आपण शब्द कुणाच्या जोरावर दिला, याचा विचार त्यानं केला नाही. त्याला वाटलं, आपल्याच.

मे महिना संपता संपता गजालानं बायांना हाताशी धरून वाफ्यांवरची जाळी काढली. गुडघाभर वाढलेली रोपं पहिल्यांदा उघड्या उन्हात आली. मग तिनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपास्नं पाणी कमी. पहिल्यांदा एका दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग चौथ्या दिवशी एकदा. माना टाकतील, पानं गळतील. कुणी घाबरायचं नाय. झाडं काटक करायची हायेत."

कडुबाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "पाणी तर हाय की टाकीत. भरल्यालं."

"हाय ना, काका. पण माळावर कोण झारी घेऊन जाणार? इथं रोज पाणी मिळालं तर मुळी आळशी व्हती, आयत्यावर बसती. इथंच तहान काढायला शिकली तर तिथं जगंल."

कडुबानं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं! पण चार दिवसांनी भर दुपारी तो वाफ्यांमधून फिरला आणि मध्येच थांबला. करंजाची पानं चिंधीसारखी लोंबत होती. सीताफळाच्या कोवळ्या शेंड्यांनी माना खाली घातल्या होत्या. टाकी काठोकाठ भरलेली, झारी टाकीला टेकवलेली, आणि चार हजार जीव तहानेनं व्याकूळ. गजाला शिकलेली आहे, चांगली आहे, पण अजून पोर आहे, असं त्यानं ठरवून टाकलं. पुस्तकात काहीबाही लिहितात. तहान म्हणजे काय, हे त्या पुस्तकवाल्याला टँकरच्या सालात इथं आणून दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा तासभर आधी, दिवस उगवायच्या आत रोपवाटिकेत आला. बाया आठला यायच्या. त्यानं झारी भरली आणि टाकीमागच्या शेवटच्या तीन वाफ्यांना पाणी घातलं. बाराही वाफ्यांना घालायचं त्याच्या मनात होतं, पण गुडघे साथ देईनात, आणि बाया यायची वेळ झाली. एकतीस वर्षं पाणी सोडणाऱ्या माणसाला ओल कुठं दिसते आणि कशी लपते हे चांगलं ठाऊक. त्यानं पाटीभर कोरडी माती चाळून आणली आणि चिमूट चिमूट करून प्रत्येक पिशवीवर भुरभुरली. वरून बघणाऱ्याला वाफा जसा कोरडा ठणठणीत, तसाच. झोपलेल्या लेकराच्या अंगावर चोरून मायेनं पांघरूण घातल्याचं समाधान त्याला झालं.

मग तो रोजचाच नेम झाला. गजाला त्या दिवसांत माळावरचे खड्डे नीट करून घेण्यात गुंतली होती, टाकीमागं तिचं येणंच होत नव्हतं. मृग कोरडा चालला होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि शेवटचे तीन वाफे मात्र असे तरारले की बघत राहावं. पानं रुंद, गडद, लुसलुशीत. पुढच्या नऊ वाफ्यांतली रोपं धुळकट, बारक्या पानांची, कशीबशी उभी. नऊ वाफ्यांवर अन्याय होतोय, पाळी चुकतेय, ही एक टोचणी कडुबाला होती. आयुष्यात असं त्यानं कधी केलं नव्हतं. पण तीन वाफ्यांकडं पाहिलं की ती टोचणी विरून जायची. माळाचा निकाल लागेल तेव्हा हेच तीन वाफे गजालाची लाज राखतील, आणि मग आपण हसत हसत तिला खरं काय ते सांगू, असा त्याचा बेत होता.

मृग संपायला दोन दिवस असताना सरपंच रूपालीताई रोपं बघायला आल्या. पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी लागवड, तालुक्याहून पाहुणे, चार हजार झाडांचा बॅनर छापून तयार. बाई उत्साही होत्या. पण पहिले नऊ वाफे बघताना त्यांचा चेहरा उतरत गेला. टाकीला वळसा घालून त्या मागं आल्या आणि एकदम फुलल्या.

"अगं बाई! ही बघा रोपं! गजाला, हीच आधी लावू. वरच्या टेपाडावर, अगदी समोर. फोटोत कशी येतील!"

कडुबा चार पावलांवर उभा होता. त्यानं टोपी सरळ केली. हे वाफे कुणाचे, असं आता कुणी तरी विचारावं आणि आपण हळूच सांगावं, अशी त्याला घाई झाली होती.

गजाला मात्र पुढं झाली. तिनं शेवटच्या वाफ्यातली एक पिशवी एका हातानं उचलली आणि टाकीच्या पुढं जाऊन नवव्या वाफ्यातली दुसऱ्या हातानं. दोन्ही हात तोलून पाहिले. मग तिनं पहिल्या पिशवीत बोट खुपसलं. बोट बाहेर आलं ते चिखलानं भरलेलं. तिनं रोपाचं खोड दोन बोटांत धरून वाकवलं. ते कोथिंबिरीच्या काडीसारखं वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

"हे तीन वाफे माळावर जाणार नायत," ती म्हणाली.

"काय बोलतेस?" रूपालीताई म्हणाल्या. "सगळ्यांत देखणी तीच आहेत. आणि बॅनरवर चार हजार छापलंय."

"बॅनरवर तीन हजार करा, ताई. ही रोपं माळावर चार दिवस ऊन सोसणार नायत. पाऊस थोडा जरी लांबला तर पहिली हीच मरतील, अन् तीच सगळ्यांना समोर दिसतील. मग गाव म्हणंल, गजालाची रोपं मेली. मी कमी देईन. पण माह्या हातनं कच्चं रोप बाहेर जाणार नाय."

रूपालीताईंनी कपाळाला हात लावला. "पण हे झालं कसं?"

बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा अजराकडं वळल्या. मागच्या वाफ्यांना चौथ्या दिवशी पाणी घालायचं काम तिचं. विशीतली पोर, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली.

"मैं नहीं, बाजी," अजरा गजालाला म्हणाली. "कसम से. चौथ्या दिवशी एकदाच, तुम्ही सांगितलं तसंच."

"मग पाणी काय आभाळातनं पडलं?" कुणी तरी म्हणालं. "हिचं ध्यानच नसतं."

खरं सांगायचं तर कडुबाला आधी राग आला होता. सगळ्यांत सरस रोपं, आणि ही पोरगी त्यांना कच्ची म्हणते! पण ते वाकलेलं खोड त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. रागाच्या मागून भीती आली. गप्प बसावं, आळ अजरावर जातोय तर जाऊ द्यावा, चार दिवसांत विसरतील, असंही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण अजरा रडायला लागली. एकतीस वर्षांत कडुबाच्या चुकीचं बोलणं दुसऱ्या कुणी खाल्लं नव्हतं.

"तिला बोलू नका. पाणी मी घातलं," तो म्हणाला.

गजालानं वळून पाहिलं. "कधीपास्नं?"

"जाळी काढली त्याच्या पाचव्या दिवसापास्नं. रोज."

"अन् वरची धूळ?"

"ती बी मीच टाकायचो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं पिशवी जागेवर ठेवली आणि विचारलं, "बाकीच्या नऊ वाफ्यांना कामून नाय घातलं, काका?"

"एकट्याच्यानं तीनच व्हायचे. म्हणून नऊ तहानेले राह्यले."

"ते नऊ जगतील," गजाला म्हणाली. "तुम्ही ज्यांना पाजलं, त्यांचीच मला काळजी हाय."

कडुबानं फाटकाची किल्ली टाकीच्या कठड्यावर ठेवली आणि तो घरी गेला. जाताना पारावर धोंडिबा भेटला; बातमी त्याच्या आधी पोचली होती. "काय रे, पाणी पाजून मारली म्हणं रोपं?" धोंडिबा हसत म्हणाला. एरवी कडुबानं त्याला चार शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी त्याला एकही आठवली नाही. ज्या हाताची त्यानं गावभर फुशारकी मारली, त्याच हातानं घात केला होता, आणि तो शब्द देऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाला त्याच्या घरी आली. कडुबाच्या बायकोनं तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. गजालानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि किल्ली कडुबापुढं सरकवली.

"ते तीन वाफे आता तुमचे, काका. काटक करायचे. मघात जावोत नाय तर पुढं, पण ह्याच पावसाळ्यात वर गेले पायजेत. टेपाडावरचे खड्डे मी त्यांच्यासाठी रिकामे ठेवते."

"माह्या हातात परत झारी देती?"

"झारी कुणाच्या बी हातात देता येती. ती खाली ठेवणारा हात मला पायजे. तहान काय असती हे गावात तुमच्याइतकं कुणाला कळतं? दुसऱ्याच्या हातात दिले तर एक तर पाजून मारंल, नाय तर वाळवून मारंल."

कडुबानं टोपी डोक्यावर चढवली. मग त्यानं किल्ली उचलली.

आर्द्रात पाऊस झाला. तीन हजार रोपं मजीदच्या टेम्पोतून माळावर गेली, पाहुण्यांनी फोटो काढले, बॅनरवर चाराचा तीन केलेला होता तो कागद चिकटवून. टेपाड मात्र रिकाम्या खड्ड्यांचं राहिलं. आणि मग मराठवाड्यात नेहमी होतं तेच झालं. पावसानं दडी मारली. एक आठवडा गेला, दोन गेले, पुष्य कोरडा गेला, आश्लेषाही तसाच निघाला. कपाशीनं माना टाकल्या.

रोपवाटिकेत कडुबा आपल्या तीन वाफ्यांपाशी बसलेला असायचा. पहिले आठ दिवस एका दिवसाआड पाणी, मग दोन दिवसांआड, मग चौथ्या दिवशी, तेही पिशवीमागे ओंजळभर. रोपांना सवय नव्हती. ती दुपारी अक्षरशः आडवी व्हायची. कडुबाचा हात आपोआप झारीकडं जायचा. शेवटी त्यानं पत्र्याची झारी उपडी करून तिच्यावरच बैठक मारली. बाया हसल्या, तोही हसला, पण उठला नाही. कित्येकदा दुपारी त्यानं वाफ्यांकडं पाठ केली, कारण बघवत नव्हतं. शंभराच्या वर रोपं मेली. ती त्यानं कुणाला उचलू दिली नाहीत. एकेक करून स्वतः खताच्या खड्ड्यात नेऊन टाकली. बायकोला तो म्हणाला, "एकतीस वरसं चावी फिरवली, हात कधी दुखला नाय. आता काय बी न करता दुखतोय."

आणि मग एके दिवशी सकाळी त्याला दिसलं. अंजनाच्या एका रोपाचं हिरवं खोड बुंध्याशी तपकिरी झालं होतं. त्यानं वाकवून पाहिलं. ते वाकलं आणि सटकन सरळ झालं. जुनी रुंद पानं गळून गेली होती आणि त्यांच्या जागी बारकी, जाड पानं आली होती. त्यानं पिशवी उचलून खाली पाहिलं, तर तळाच्या भोकातून दाभणासारखी कडक मुळी बाहेर आली होती. कडुबा त्या वाफ्यात उकिडवा बसून एकटाच हसला. व्हॉल्व्ह उघडल्यावर पलीकडच्या वस्तीतून बायांचा गलका यायचा, तेव्हा जसा त्याचा ऊर भरून यायचा, तसाच भरून आला. नव्हे, थोडा जास्तच, कारण या वेळी हे त्याला जमेल याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा बसली. पाऊस जाऊन चाळीस दिवस झाले होते. धोंडिबा पहिल्यांदा उठला.

"शेतातली कपाशी वाळली, तिथं मुरमावरच्या रोपांचं काय झालं असंल ते सांगायला नको. खालनं बघा, पार तपकिरी झालाय माळ. कडुबानं शब्द दिला व्हता. माळ मोकळा करा."

सगळ्यांनी कडुबाकडं पाहिलं. लागवडीनंतर तो एकदाही माळावर गेला नव्हता. वेळ नव्हता असं तो सांगायचा. खरं म्हणजे धीर नव्हता. तो उठला. "शब्द दिलाय तो दिलाय. पण वर जाऊन बघू. मेली असतील तर तिथनंच खाली येतो अन् शेळीचं दावं धरतो."

सभाच्या सभा माळ चढली. लांबून खरोखरच काही हिरवं दिसत नव्हतं. ओळीनं खड्डे आणि त्यांत काड्या उभ्या. कडुबा गर्दीच्या मागं पडला. रूपालीताई गजालाकडं बघत होत्या. गजाला पुढं बघून चढत होती.

धोंडिबा पहिल्या खड्ड्याशी वाकला. पन्नास वर्षं शेळ्यांमागं हिंडलेला माणूस. कुठली फांदी वाळली आणि कुठली नुसती रुसली, हे त्याच्याइतकं त्या गर्दीत कुणालाच कळत नव्हतं. त्यानं काडीवर नख ओढलं. मग तो पुढच्या खड्ड्याशी गेला. मग त्याच्या पुढच्या. मग ओळ सोडून मध्येच एक, पार कडेचं एक, असं करत तो अर्धा माळ हिंडला. गाव त्याच्या मागं मागं. शेवटी तो थांबला, नखाकडं पाहिलं, आणि ते नख त्यानं कडुबापुढं धरलं. नखाखाली हिरवा गर होता.

"जित्ती हायेत," धोंडिबा म्हणाला. आणि मग, जणू स्वतःवरच चिडून, जरा मोठ्यानं, "जित्ती हायेत सगळी! दहात एखादं गेलंय. पानं टाकून दिलीत अन् आत दम धरून बसलीत. असली चिवट रोपं म्या नाय पाह्यली."

बायांनी एकच कल्ला केला. अजरानं तर गजालाला मिठीच मारली. गजालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. बारा बायांनी चाळणीनं चाळलेली माती, डोंगरात वेचलेली बी, आणि भरली टाकी शेजारी असताना न घातलेलं पाणी, हे सगळं त्या मुरमात उभं होतं. त्याचा त्यांना अभिमान वाटला तर त्यात नवल काय!

"अन् ते टेपाड रिकामं कामून?" धोंडिबानं वर बोट दाखवून विचारलं.

"ते माह्यामुळं," कडुबा म्हणाला. "माहे तीन वाफे तिथं जायचे हायेत."

"काटक झालेत का?"

कडुबानं गजालाकडं पाहिलं. हे उत्तर त्याचं त्याला देता आलं असतं, पण त्याला ते तिच्या तोंडून हवं होतं.

"माह्या नऊ वाफ्यांपेक्षा जास्त," गजाला म्हणाली.

मघांनी लाज राखली. पाऊस परत आला आणि तीन वाफ्यांतली पावणेनऊशे रोपं टेपाडावर गेली. धोंडिबानं त्या वर्षी शेळ्या खालच्या ओढ्याकडं वळवल्या, आणि माळाच्या कडेला कुणाचं जनावर दिसलं की सगळ्यांत आधी शिव्या त्याच्याच ऐकू येऊ लागल्या.

पुढच्या वैशाखात वैजापूरकडच्या एका गावाची माणसं माळ बघायला आली. त्यांनाही गायरान होतं, त्यांचीही झाडं दर साली मरत होती. गजालानं त्यांना रोपवाटिका दाखवली आणि म्हणाली, "बी, माती, पिशव्या ते मी सांगितलं. काटक कशी करायची ते आमच्या काकांना विचारा. ते काम त्यांचं." कडुबा त्यांना घेऊन वर निघाला. ऊन मी म्हणत होतं. टेपाडावर पोचेपर्यंत पाहुण्यांचे घसे कोरडे पडले. त्यांच्यातला श्रीरंग नावाचा एक गडी एका अंजनाच्या रोपापाशी थांबला. रोप कमरेला लागायचं, पण उन्हानं पानं मिटून उभं होतं. त्या माणसाला कळवळा आला. त्यानं खांद्यावरची बाटली काढली, झाकण उघडलं आणि उरलेलं पाणी बुंध्याशी ओतायला हात खाली नेला.

कडुबानं त्याचं मनगट धरलं.

"त्याला नको," तो म्हणाला. "त्याची मुळी खाली पाण्याच्या मागं निघालीय. तिला वर बोलवू नको. पाणी तू पी."

श्रीरंग बघत राहिला आणि मग त्यानं बाटली तोंडाला लावली. त्याचं पिऊन होईपर्यंत कडुबा शेजारी उभा राहिला आणि मगच पुढच्या ओळीकडं वळला.